तीन शर्यती अर्धवट सुटल्या : माउंटन बाइकचे बिघाड

बोरकाटा

नमस्कार मंडळी. इथल्या सायकल विभागात दोन वर्षं वाचनमात्र होते. आज पहिला धागा काढते आहे, कारण एकटीने डोकं चालवून आता पुढे जात नाहीये.

मी पुण्यात राहते, वय ४३, काम बैठं. माउंटन बाइक तीन वर्षं चालवते आहे आणि गेल्या मोसमात हौशी गटातून शर्यतींत उतरले. हिवाळ्यात पुण्याच्या आसपास होतात त्या क्रॉस कंट्री शर्यती. साडेपाच-सहा किलोमीटरची फेरी, अशा चार-पाच फेऱ्या. तीन शर्यतींना नाव दिलं आणि तिन्ही वेळा निकालाच्या कागदावर माझ्या क्रमांकापुढे 'डीएनएफ', म्हणजे शर्यत अपूर्ण, लागलं. दम होता, पायांत गोळे आले नव्हते. सायकलच पुढे गेली नाही.

सायकल सेकंडहँड हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही. २९ इंची चाकं, पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र, मागे १० गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक.

पहिली शर्यत भोरच्या बाजूला होती. दुसऱ्या फेरीत मुरमाड चढ, त्याचे शेवटचे साठ-सत्तर मीटर छातीवर येणारे. तिथे पोचेपर्यंत मी जड गिअरवरच राहिले. मग पेडलवर सगळा भार असताना एकदम तीन गिअर हलके करायला गेले आणि चेन कडकन तुटली. जवळ काहीच नव्हतं. अडीच किलोमीटर सायकल ढकलत आले.

दुसरी मुळशीकडे. मैत्रिणीच्या गाडीत मागे सायकल आडवी टाकली होती, गिअरची बाजू खाली आणि वर सामानाच्या बॅगा. स्टार्टला गिअर उड्या मारत होते. मी केबलचा बॅरल अर्धा-अर्धा आटा फिरवून ते बसवायचा प्रयत्न केला, थोडं बरं वाटलं, शिट्टी झाली, निघाले. पहिल्याच चढावर सगळ्यात मोठ्या दातेरीवर चेन चढवली आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरीवरून दुसरीवर नेणारा भाग, सरळ आऱ्यांमध्ये गेला. तीन आरे तुटले, डिरेलरचा पिंजरा पिळवटला, तो फ्रेमला ज्यावर बसतो तो हँगर मोडला. माझ्या फ्रेमचा हँगर मिळायला १९ दिवस लागले.

तिसरी सगळ्यात जिव्हारी लागली, कारण या वेळी मी तयारीने गेले होते. साताऱ्याजवळचं पठार, फेब्रुवारी महिना. टायर ट्यूबलेस. खिशात चीर बुजवायचे प्लग, टायर फुगवायची दोन सीओटू काडतुसं, पिशवीत नवी ट्यूब. तिसऱ्या फेरीत उतारावर एका धारदार दगडाने मागचा टायर कापला. आठ-एक मिलिमीटरची चीर. भोकं आपोआप बुजवणारं आतलं सीलंट बाहेर यायला हवं होतं, आलंच नाही. दिवाळीच्या आधी भरलेलं, ते वाळून गेलं होतं. दोन प्लग घातले, पहिलं काडतूस मारलं, चारशे मीटरवर पुन्हा हवा गेली. मग ट्यूब टाकली, दुसरं काडतूस मारलं. दोन मिनिटांत चाक रिमवर. पंप आणला नव्हता. तिथेच एका खडकावर बसून राहिले, मागून येणाऱ्या मुली "दीदी, काही हवंय का" विचारत जात होत्या आणि मला बोलवेना.

घरी आल्यावर ट्यूब पाण्यात धरली. तीन बारीक भोकं. टायरच्या आतून बोट फिरवलं तर सात काट्यांची टोकं हाताला लागली, बोरीचे आणि बाभळीचे. ट्यूबलेस असताना हे काटे सीलंटने जागच्या जागी बंद केले होते, मला पत्ताच नव्हता. नवी ट्यूब मी त्या काट्यांवरच फुगवली होती.

माझे प्रश्न असे. शर्यतीआधी नक्की काय तपासता? सोबत काय नेता? आणि बिघाड झाल्यावर त्या पाच-सात मिनिटांत डोकं कसं शांत ठेवता? मला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो.

कासवगती

तो काट्यांचा भाग वाचून उठलो आणि माझ्या टायरमध्ये बोट घातलं. चार निघाले.

सांगलीकर_पाना

ताई, तुम्ही तिन्ही प्रसंग असे लिहिलेत की सायकल स्टँडला लावून समोर ठेवल्यासारखं वाटलं. मी २२ वर्षं सायकलचंच काम करतो. आधी वडिलांच्या हाताखाली काळ्या सायकलींचं ओव्हरऑइलिंग, छर्रे-ग्रीस, चाकाचा आउट काढणं, आणि आता बहुतेक गिअरच्याच सायकली. एकेक घेतो.

चेन. लोक म्हणतात चेन ताणली. लोखंडी पट्टी ताणली जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक कडीत केसाएवढा खेळ येतो आणि शंभराच्या वर कड्यांची बेरीज झाली की चेन लांब दिसते. शाळेतली स्टीलची फूटपट्टी घ्या. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवलं तर नव्या चेनची २४वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती सोळांश इंच पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का झाली. ११-१२ गिअरच्या चेनला तिथेच बदला. तुमच्या १० गिअरच्या चेनला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं, त्यापुढे ती कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरींचा संच, खायला लागते आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारते. हजाराची चेन वाचवायला जाऊन तीन-चार हजारांची कॅसेट जाते, हे मी दर महिन्याला बघतो.

पण तुमची चेन नुसती झिजली म्हणून तुटली नाही. गिअर बदलताना चेन क्षणभर दोन दातेरींवर तिरकी असते. त्याच वेळी सगळा भार आला तर बाहेरची पट्टी पिनवरून उपटून निघते. चढ दिसला की चढाच्या आधी गिअर हलका करा, आणि अगदी वर अडकलात तर पेडलच्या अर्ध्या फेऱ्यापुरता पायातला जोर काढून घ्या, गिअर टाका, मग पुन्हा जोर लावा. अजून एक विचारतो. मागच्या मालकाने चेन कधी तोडून जोडली होती का? अरुंद चेनच्या पिनची टोकं कारखान्यात दाबून फुलवलेली असतात. तीच पिन बाहेर काढून परत ठोकली की ती कडी कायमची कच्ची होते. जोडायला मिसिंग लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडीच वापरा, तीही आपल्या गिअरच्या आकड्याची. १० ची १२ ला बसत नाही.

हँगरचं उद्या लिहितो, दुकान उघडायचंय.

बोरकाटा

दादा, चेन आधी तोडली होती का ते माहीत नव्हतं, म्हणून आत्ता जाऊन जुनी चेन पाहिली. फेकली नव्हती. तुटलेल्या जागेवर पिन पट्टीच्या एका बाजूने जरा जास्त बाहेर आहे, बाकीच्या पिना सारख्या आहेत. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

खडकवाट

मी स्वतः शर्यत करत नाही, पण सहा-सात वर्षं मार्शल म्हणून वळणावर उभा राहतो. नियमांबद्दल लिहितो, कारण बिघाड झाल्यावर अनेक जण नियम माहीत नसल्याने बाद होतात.

यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या) क्रॉस कंट्री ऑलिंपिक प्रकारात बाहेरची मदत फक्त ठरलेल्या खाणंपिणं आणि तांत्रिक मदतीच्या पट्ट्यातच घेता येते. तिथे चाक बदलून मिळेल, डिरेलर बदलून मिळेल. पूर्ण सायकल बदलता येत नाही, आणि ज्या हँडलच्या नंबरप्लेटने निघालात तीच घेऊन रेषा ओलांडावी लागते. त्या पट्ट्याबाहेर स्वतःच्या हत्याराने स्वतः दुरुस्ती करायला पूर्ण मुभा आहे. सायकल खांद्यावर घेऊन पळायलाही मुभा आहे. मनाई आहे ती वाटेवरून उलट्या दिशेने मागे यायला. पट्टा तीनशे मीटर मागे राहिला असेल तरी पुढूनच फिरून यायचं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा उलटा आला, चाक बदललं, चांगला पळाला आणि शेवटी बाद. त्याचं रडणं अजून आठवतं.

आपल्याकडच्या हौशी शर्यतींत आयोजक यात थोडेफार बदल करतात, म्हणून आदल्या संध्याकाळच्या सूचनांना हजर राहा आणि हा एक प्रश्न विचाराच : मदतीचा पट्टा कुठे आहे आणि फेरीत किती ठिकाणी आहे? म्हणजे कुठल्या बिंदूनंतर सायकल ढकलत पुढे नेणं फायद्याचं आणि कुठे बसून दुरुस्त करणं फायद्याचं, हे आधीच ठरवता येतं. बोरकाटा, तुमच्या तिसऱ्या शर्यतीत पट्टा किती लांब होता?

बोरकाटा

नकाशा काढून पाहिला. मी बसले होते तिथून साधारण ९०० मीटर. बहुतेक उतार. ढकलत दहा-बारा मिनिटांत पोचले असते आणि तिथे उभा पंप होता.

पण काटे तरी कुठे माहीत होते. पंपाने हवा भरली असती तरी ट्यूब पुन्हा बसलीच असती.

सांगलीकर_पाना

बसली असती, खरंय. म्हणून ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून हात फिरवणं हा भाग दुरुस्तीतच धरायचा. बोटाला टोचू नये म्हणून बफ किंवा हातमोजा उलटा करून फिरवा, काटा असेल तर कापडाचा दोरा अडकतो. मोठी चीर असेल तर आतून आधार द्या, नाहीतर ट्यूब चिरेतून फुग्यासारखी बाहेर येऊन फुटते. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा आगपेटीएवढा तुकडा कडा गोल करून पिशवीत ठेवा. वजन नाही, पैसे नाहीत, आणि घरापर्यंत पक्का टिकतो.

आता हँगर. हा तुकडा मुद्दाम नरम ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि फ्रेम किंवा डिरेलर वाचावा. तो आत वाकला की डिरेलर आऱ्यांच्या दिशेने झुकतो. तुम्ही बॅरल फिरवलात, त्याने केबलचा ताण बदलला, वाकडेपणा गेला नाही. अशा वेळी चार गिअर नीट चालतात आणि चार बिघडलेले राहतात, तीच हँगरची खूण. सायकलच्या मागे दोन पावलांवर उकिडवं बसा आणि डिरेलरची दोन छोटी चक्रं वरच्या दातेरीच्या रेषेत उभी आहेत का बघा. खालचं चक्र चाकाकडे झुकलेलं दिसलं तर त्या दिवशी सर्वांत मोठी दातेरी वापरायची नाही, एवढं ठरवूनच निघायचं. डिरेलरवरचा एल लिहिलेला स्क्रू थोडा आत फिरवलात तर चेन तिथवर जाणारच नाही.

सरळ करायचं खास हत्यार येतं. ते नसेल तर एक जुनी युक्ती सांगतो. हँगरच्या भोकाचे आटे १० मिलिमीटर, १ मिलिमीटर अंतराचे. बहुतेक क्विक रिलीझ मागच्या हबच्या ॲक्सलचे आटेही तेच. डिरेलर काढायचा, दुसऱ्या सायकलचं मागचं चाक त्याच्या ॲक्सलने हँगरमध्ये पिळायचं. आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतात. दोघांमधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे सारखं येईपर्यंत बाहेरचं चाक हळूहळू हाताने वाकवायचं. साध्या काळ्या सायकलचं चाक मात्र घेऊ नका, त्याचे आटे वेगळे असतात, हँगरचे आटे जातील.

आणि सायकल आडवी ठेवायची तर डाव्या बाजूवर. एवढं तर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

कातळसडा

आमच्या सिंधुदुर्गात शर्यती फार नाहीत, पण पावसात सड्यावर आणि लाल मातीत आम्ही चार-पाच जण नेमाने जातो, आणि जो बिघाड इथे कोणी लिहिला नाही तो आमचा नेहमीचा : ब्रेक. जांभ्याची लाल माती चिकट कमी, पण रवाळ. पाण्यात मिसळली की कानशीसारखं काम करते. रेझिनचे पॅड मी एका भर पावसातल्या फेरीत, तीन तासांच्या आत, पत्र्यापर्यंत गेलेले पाहिले आहेत. मेटॅलिक पॅड आवाज करतात, पण चिखलात कितीतरी जास्त टिकतात. पॅडवर कापडाच्या घडीएवढा जाड थर उरला असेल तर शर्यतीला तो नेऊ नका, नवा घालून दोन दिवस आधी उतारावर वीसेक वेळा ब्रेक दाबून बसवा.

दुसरं म्हणजे चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर चुकून दाबला तर पिस्टन पुढे येऊन बसतात आणि चाक परत जात नाही. हे हमखास स्टार्टच्या आधी, गाडीतून सायकल काढताना होतं. प्लास्टिकचा टायर लिव्हर मध्ये घालून सावकाश मागे ढकला. स्क्रूड्रायव्हर घालू नका. प्रवासात चाक काढायचंच असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा.

आणि तेल. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, काही ब्रेकना डॉट फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात घातलं तर आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. माझ्या मित्राच्या ब्रेकमध्ये एका दुकानात मोटरसायकलचं फ्लुइड घातलं होतं. घाटात लिव्हर हँडलला टेकला. तो वाचला, कारण डावीकडे करवंदीची जाळी होती.

रानवारा

बोरकाटा, तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

मी शिमल्याहून निघणारी अनेक दिवसांची शर्यत एकदा पूर्ण केली आहे. तिथे रोज संध्याकाळी तंबूत पोचल्यावर खायच्या आधी सायकल धुवायची असा माझा नेम होता. ओल्या फडक्याने पुसताना हात सगळ्या सायकलवरून फिरतो. आऱ्याला आलेला ढिलेपणा, टायरमधली चीर, केबलचे सुटलेले तंतू, सगळं हातालाच आधी कळतं. चौथ्या दिवशी मला मागच्या केबलचे दोन तंतू तुटलेले असेच सापडले. न धुता झोपले असते तर पाचव्या दिवशी खिंडीत अडकले असते.

डोकं शांत ठेवण्याचं म्हणशील तर मी एकच करते. सायकल वाटेच्या कडेला घेते, उलटी करत नाही, आधी दोन घोट पाणी पिते. मग काय बिघडलंय ते मोठ्याने बोलते. "मागचा टायर. चीर. वरच्या बाजूला." स्वतःचा आवाज ऐकला की हात थरथरायचे थांबतात. आणि हे सगळं घरी घड्याळ लावून करून बघ. ट्यूबलेस टायर उतरवून ट्यूब टाकायला मला पहिल्यांदा १९ मिनिटं लागली होती. महिनाभर दर रविवारी केलं, सातवर आले. सरावात ज्या क्रमाने हात चालतात त्याच क्रमाने ते शर्यतीतही चालतात, मग मनात कितीही कालवाकालव असू दे.

बोरकाटा

रानवारा, हे वाचून डोळे भरून आले. खडकावर बसले होते तेव्हा मी नक्की काय बिघडलंय ते पाहतच नव्हते, लोक काय म्हणतील याचाच विचार करत होते. रविवारपासून सुरू करते.

पहाटवारी

सांगलीकरदादांच्या लिहिण्यातून असं वाटतं की काळजी घेतली की बिघाड होतच नाही. मला ते पटत नाही. शर्यतीत नशिबाचा भाग असतोच.

फ्रान्सच्या जूलियाँ आब्सालोंने माउंटन बाइकमध्ये २००४ आणि २००८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. २०१२ ला लंडनमध्ये सुरुवातीलाच पंक्चर झालं आणि त्याला शर्यत सोडावी लागली. पेटर सागान २०१६ ला रिओत रस्त्यावरची शर्यत सोडून माउंटन बाइकमध्ये उतरला, सगळ्यांच्या मागून निघून पहिल्या फेरीतच आघाडीच्या गटात आला, आणि पंक्चर झालं. शेवटी ३५वा. या लोकांकडे जगातले सर्वोत्तम मेकॅनिक होते. मग आपण कुठे चुकलो याचं एवढं ओझं बोरकाटाताईंनी का घ्यावं?

सांगलीकर_पाना

ओझं घेऊ नयेच. पण त्यांच्या तीन बिघाडांत दगडाची चीर एवढा एकच भाग दैवाचा होता, आणि सीलंट ओलं असतं तर प्लग बहुधा टिकला असता. आपल्याकडच्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. डब्यावर सहा महिने लिहिलेलं असतं ते थंड देशांतलं. चाक कानाजवळ धरून हलवायचं, आत खळखळ ऐकू आली नाही तर भरायचं. सीओटू काडतुसाबद्दलही सांगतो. बऱ्याच लॅटेक्स सीलंटच्या त्याने गुठळ्या होतात, आणि तो वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर निसटतो. काडतूस वेळ वाचवतं, पण सोबत छोटा हातपंप हवाच.

पहाटवारी

हे मान्य. आणि माझंच उदाहरण माझ्या विरुद्ध जाणारं आठवलं. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये टॉम पिडकॉकचा पुढचा टायर शर्यतीच्या मध्यावर गेला. मदतीच्या पट्ट्यापर्यंत तो तसाच आला, चाक बदलायला वेळ लागला, अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला. तरी एकेकाला गाठत शेवटच्या फेरीत व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून सुवर्ण घेतलं. दैवाने टायर नेला, पण पट्टा कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. खडकवाटांचा मुद्दा तोच होता.

उताराचा_राजा

डाउनहिलमधलं एक राहिलं! ॲरन ग्विन, लिओगांग, ऑस्ट्रिया, २०१५ चा विश्वचषक. स्टार्टच्या दारातच चेन तुटली. पेडल मारायला चेनच नाही. पूर्ण उतार नुसत्या तोलावर, खड्ड्यांतून सायकल दाबत वेग काढत आला आणि पहिला आला. त्याच्या आदल्या वर्षी त्याच उतारावर त्याचा मागचा टायर रिमवरून निघाला होता, तो नुसत्या रिमवर खाली आला. दोन्ही वेळा थांबला नाही. मी ते चेनवालं इतक्या वेळा पाहिलंय की वळणं पाठ झालीत.

कासवगती

मला पैशांचं विचारायचं होतं. माझी सायकल २८ हजारांची, मागे ९ गिअर. गटातले सगळे म्हणतात १२ गिअरचं सगळं बसव, मगच शर्यतीत उतर. त्यात सायकलएवढाच खर्च आहे.

सांगलीकर_पाना

भाऊ, अजिबात बसवू नका. ९ गिअरची चेन जाड, वाकडा हँगरही ती बराच वेळ सोसते, चेन-कॅसेट तालुक्याच्या गावातही मिळते. १२ गिअरमध्ये दोन दातेरींतलं अंतर एवढं कमी की हँगर जरासा हलला तरी गिअर बोंबलतात. ते पैसे दोन चांगल्या ट्यूबलेस टायरना घाला, एक जादा हँगर आणि दोन मिसिंग लिंक घ्या. उरले तर चेनसाठी चांगलं तेल. इंजिन ऑइल घालू नका, धूळ धरून त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते.

रानवारा

कोरड्या मोसमात मी मेण वापरते. चेन रॉकेलने पूर्ण साफ करायची, वाळवायची, मग पॅराफिन मेणात बुडवायची. मेण वितळवताना भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, थेट आचेवर कधीच नाही, पेट घेतं. टेकडीवरची धूळ चिकटत नाही, चेन हाताला काळी लागत नाही. पावसात मात्र उपयोग नाही, धुऊन जातं.

बोरकाटा

मंडळी, दोन महिन्यांनी धागा वर काढते आहे. काल चौथी शर्यत झाली.

आधी तयारीचं सांगते. नवी चेन, नवं सीलंट. टायरमधून काटे काढले, अकरा निघाले. हँगर दुकानातून सरळ करून घेतला आणि एक जादा घेतला. आठ रविवार ट्यूब टाकायचा सराव केला, साडेआठ मिनिटांवर आले. पिशवीत ट्यूब, टूथपेस्टचा तुकडा, मिसिंग लिंक, चेन ब्रेकरवालं मल्टीटूल, हातपंप. प्लग मात्र हँडलच्या टोकात, लगेच हाताशी येतील असे. आदल्या दिवशी वाट पायी फिरले आणि मदतीचा पट्टा कुठे ते बघून ठेवलं.

तिसऱ्या फेरीपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग चढावर गिअर बदलायला अंगठा दाबला आणि लिव्हर नुसताच फिरला. चेन सटासट सगळ्यात लहान दातेरीवर. केबल तुटली होती, शिफ्टरच्या आत, डोक्याजवळ. मी सगळं बदललं होतं, केबल सोडून.

वाटेच्या कडेला घेतलं. दोन घोट पाणी. मोठ्याने म्हणाले, "मागच्या गिअरची केबल. शिफ्टरमध्ये तुटली. बाकी सगळं शाबूत." मागे येणाऱ्या मुलीने वळून पाहिलं, पाहू दे म्हटलं. पट्टा दीड किलोमीटर पुढे, मध्ये मोठा चढ. ११ दात्यांवर तो चढणं शक्य नव्हतं.

माझी फ्रेम जुन्या पद्धतीची, खालच्या नळीवर केबल उघडी आहे. ती उघडी केबल हाताने पुढे ओढली तर डिरेलर आत सरकताना दिसला. एका हाताने पेडल फिरवत, दुसऱ्या हाताने ओढत चेन २८ दात्यांवर आणली आणि बाटलीच्या पिंजऱ्याचा बोल्ट सैल करून केबल त्याला दोनदा गुंडाळून परत आवळली. ॲलन की बोटांत घट्ट धरली होती. सहा मिनिटं गेली असतील.

उरलेल्या दीड फेऱ्या त्या एका गिअरवर केल्या. सपाटीवर पाय नुसते भिरभिरत होते, उभ्या चढावर उतरून पळाले. पट्ट्यात पोचले तेव्हा तिथल्या मुलाने विचारलं, "केबल टाकून देऊ का, ताई?" शेवटची फेरी बाकी होती. नको म्हटलं, चालतंय तेच चालू दे, मोडेल या भीतीने हात लावू द्यावासा वाटला नाही.

आमच्या गटात १४ जणी होत्या, मी ११वी आले. २ तास ३८ मिनिटं. कागदावर माझ्या क्रमांकापुढे वेळ छापली आहे, त्याचा फोटो काढून आईला पाठवला.

सांगलीकर_पाना

ताई!! बाटलीच्या बोल्टला केबल! हे आम्ही काळ्या सायकलींच्या काळात कॅरिअरच्या बोल्टला करायचो ब्रेकसाठी. दुकानातल्या पोरांना वाचून दाखवलं. केबल दर मोसमाला बदला, शिफ्टरच्या आत डोक्याजवळच ती सतत वाकते आणि बाहेरून दिसत नाही. गिअर अचानक जड पडायला लागले की समजा तंतू सुटायला लागलेत.

रानवारा

आठ रविवार केलेस ना. मला फार आनंद झाला.

खडकवाट

काल सातव्या वळणावर मीच होतो! पिवळा हेल्मेट, स्वतःशी मोठ्याने बोलणारी सायकलस्वार. अभिनंदन. तुम्ही वाटेपासून पुरेशा बाजूला उभ्या होतात, मागून येणाऱ्यांना जागा होती, हे मुद्दाम सांगतो. फार जणांना ते भान राहत नाही.

कासवगती

अभिनंदन ताई. मी पुढच्या महिन्यातल्या शर्यतीला नाव दिलं आहे, पहिलीच. सगळी तयारी केली, फक्त जादा हँगर कुठेच मिळेना. एका दुकानात सांगितलं २० दिवस लागतील, शर्यत १६ दिवसांवर. सध्याचा थोडा वाकलेला आहे. फोटो लावतोय, कोणाकडे असा असेल तर कळवा.

बोरकाटा

फोटो पाहिला. दोन भोकं, वरची कड तिरकी, माझ्या फ्रेमलाही हाच लागतो. माझा जादा न वापरलेला पडून आहे, तो घ्या. मी दुसरा मागवते, माझी पुढची शर्यत थेट डिसेंबरात आहे. पुण्यात असाल तर शनिवारी सकाळी सात वाजता वेताळ टेकडीवर असते, नाहीतर कुरिअर करते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कासवगती

व्यनि केला आहे. शनिवारी येतो. सोबत मागचं चाक घेऊन येऊ का? सध्याचा हँगर तिथेच सरळ करून बघू.